पिन आणि पिकाडोर

आमच्या पिंपळगाव रेणुकाईत कोणताही विषय निघो, तो शेवटी काट्यावरच जातो. जून उजाडला की भोकरदन, जाफराबाद, सिल्लोड आणि पलीकडच्या बुलडाणा जिल्ह्यातून हिरवी मिरची गावात येऊन पडते. दुपारी तापलेला बाजार रात्री दिव्यांच्या उजेडातही थंड होत नाही. पिकाडोर, बळीराम, शिमला ही नावं ऐकून परगावच्या माणसाला वाटतं, गावात एक परदेशी पाहुणा, एक पैलवान आणि एक थंड हवेचं ठिकाण आहे. प्रत्यक्षात तिन्ही मिरचीचे वाण आहेत. मापाडी, हमाल, आडत्या, गाडीवाला, चहावाला, सगळ्यांचं बोलणं किलो-क्विंटलमध्ये चालतं. भावाभावांच्या भांडणातसुद्धा 'तू त्या वर्षी वजनातली कट्टी जास्त धरलीस' हे वाक्य एकदा तरी येतंच.

अशा गावात, ऐन बाजाराच्या गर्दीत, आडतीच्या दारात उभं राहून भाच्यानं मला मोठ्यानं विचारलं, "मामा, तीन ग्रॅम बरोबर मोजील असा काटा आपल्याकडं कुणाजवळ आहे का?"

मापाड्याचा हात थांबला. हमालानं पाठीवरचं पोतं तसंच ठेवून फक्त मान वळवली. तीन ग्रॅम म्हणजे धड एक मिरचीही नाही. पुण्याला शिकलेला पोरगा, मानेपर्यंत केस, कानात काहीतरी चमकणारं, आणि माल मोजायचा तो ग्रॅमवर! गावातल्या एका पोक्त माणसानं मला बाजूला घेऊन विचारलं, "मास्तर, पोरगं कशाच्या नादी तर नाही ना लागलं?"

लागलं होतं. पण पावडरीच्या नव्हे, पिनेच्या.

भाच्यानं पुण्याहून दोन रेकॉर्ड प्लेअर आणले होते. वापरलेले, पण टेक्निक्स कंपनीचे, एसएल-१२०० या जातीचे. हे यंत्र जपानी कंपनीनं १९७२ मध्ये काढलं, ते घरात पाय पसरून शांतपणे गाणी ऐकणाऱ्या सज्जनांसाठी. डीजे लोकांनी ते सज्जनांच्या हातून काढून घेतलं. त्यात मोटर आणि चकती यांच्यामध्ये पट्टा नसतो. चकती थेट मोटरवर बसलेली, त्यामुळं हातानं रोखली तरी सोडल्याबरोबर वेग पकडते. १९७९ च्या दुसऱ्या आवृत्तीत वेग आठ टक्के कमी-जास्त करायची सरकती पट्टी आली आणि मग या यंत्राला कुणी हलवू शकलं नाही. २०१० मध्ये कंपनीनं ते बंद केलं, जगभरातून ओरड झाली आणि २०१६ मध्ये ते पुन्हा बाजारात आलं. असं एकेक दहा-बारा किलोचं धूड भाच्यानं एसटीनं आणलं, त्याबद्दल कंडक्टरशी दोनदा भांडला, आणि घरी आल्यावर त्याच्या आईनं ते तांदळाच्या कोठीवर ठेवून वर पांघरूण घातलं.

फक्त त्यांना पिना नव्हत्या. पिना ज्यांत बसतात त्या दोन्ही कार्ट्रिज विकणाऱ्यानं काढून घेतल्या होत्या. यात गावाला काही नवल वाटलं नाही. जुना ट्रॅक्टर विकणारा माणूसही शेवटच्या क्षणी बॅटरी उतरवून घेतोच.

आमच्या भागात डीजे कशाला म्हणतात हे इथं सांगायला हवं, नाहीतर पुढच्या गोंधळाचा उलगडा व्हायचा नाही. टेम्पोवर दोन माणसं उंचीची खोक्यांची भिंत, तिच्यावर फिरणारे लाल-हिरवे दिवे, मागं जनरेटर आणि समोर धुळीत नाचणारा नवरदेवाचा मित्रपरिवार, हे सगळं मिळून डीजे होतो. त्यात गाणी लावणारं एक पोरगं असतं, पण ते टेम्पोच्या ड्रायव्हरच्याही खालच्या दर्जाचं. म्हणून भाचा 'मी डीजे आहे' असं म्हणाला तेव्हा त्याचे चुलते म्हणाले, "व्हय, पण गाडी कोणती घेतलीस?"

गाडी नाही, रेकॉर्डी आहेत, दोन प्लेअर आहेत, मधे मिक्सर आहे, आणि एका प्लेअरवरचं गाणं संपायच्या आत दुसऱ्यावरचं त्याच्याच ठेक्यात आणून बेमालूम मिसळायचं असतं, असं त्यानं समजावून सांगितलं. 'मिक्सर' म्हटल्यावर त्याच्या आत्यानं स्वयंपाकघराकडं पाहिलं. मग पुढचा अर्धा तास पिन या विषयावर व्याख्यान झालं. माझ्या माहितीत पिंपळगावात शेतीमालाव्यतिरिक्त एखादी वस्तू 'कोणती घ्यावी' यावर एवढी माणसं एकदम बोलल्याचा हा पहिलाच प्रसंग.

व्याख्यानाचा सारांश सोपा आहे. रेकॉर्डवर खाच असते. एकच, बाहेरून आत वळत जाणारी. बारा इंची एलपीची वीसेक मिनिटांची एक बाजू उलगडून सरळ केली, तर ती खाच चारशे मीटरच्या वर भरते, म्हणजे आमच्या घरापासून मिरची बाजारात जाऊन चहा पिण्याइतकं अंतर. त्या खाचेच्या भिंतींवर गाणं कोरलेलं असतं. पिनेचं टोक तिथून धावताना थरथरतं, त्या थरथरीनं दांडीच्या मागचा इवलासा चुंबक हलतो, शेजारच्या तारेच्या वेटोळ्यात वीज उमटते आणि ती वीज शेवटी खोक्यांच्या भिंतीतून बाहेर पडून म्हाताऱ्यांच्या छातीत धडधडते. टोक हिऱ्याचं असतं.

"हिऱ्याचं?" गर्दीतून सोनार पुढं आला. तोवर त्याला या विषयात गम्य नव्हतं. "किती सेंटचा?"

सेंटमध्ये सांगावा असा तो हिरा नव्हता. डीजेच्या पिनेचं गोल टोक साधारण १८ मायक्रॉन त्रिज्येचं असतं, आणि माणसाचा केस याहून जाड. सोनार निराश झाला, पण तीन ग्रॅम मोजणारा काटा गावात त्याच्याकडंच होता. म्हणून पुढची बैठक त्याच्या दुकानात भरली.

तीन ग्रॅमचं प्रकरण असं आहे की, प्लेअरच्या आडव्या दांडीला मागं एक वजन असतं. ते फिरवून दांडी आधी हवेत तरंगती करायची, मग थोडं पुढं घेऊन पिनेवर हवा तेवढा भार द्यायचा. घरी शास्त्रीय संगीत ऐकणारा माणूस दीड-दोन ग्रॅमवर समाधानी असतो. डीजेची पिन तीन-चार ग्रॅमवर चालते, कारण तिला धक्के खायचे असतात. भार कमी पडला तर पिन उड्या मारते, जास्त झाला तर रेकॉर्ड किसते. ऐकायला तीन ग्रॅम काहीच नाही, पण ते एवढ्याशा टोकावर टेकतात की दाबाचा हिशेब केला तर तो चौरस सेंटिमीटरला टनांत जातो. हे ऐकल्यावर मापाड्यानं पहिल्यांदा त्या पोराकडं आदरानं पाहिलं. टन हा शब्द गावात प्रतिष्ठित आहे.

सोनाराच्या काट्याचं पारडं पोलादी निघालं. पिनेमागचा चुंबक पोलादाकडं ओढला गेला आणि काटा भलतेच आकडे दाखवू लागला. मग पारड्यावर श्रीखंडाच्या डब्याचं प्लॅस्टिकचं झाकण पालथं घातलं, काटा पुन्हा शून्यावर आणला आणि भाच्यानं, पुण्यातल्या मित्राकडून दोन दिवसांसाठी मागून आणलेली पिन त्यावर हलक्या हातानं टेकवली. दोन पॉइंट नव्वद. मागचं वजन केसभर फिरवलं. तीन पॉइंट शून्य सहा. परत केसभर मागं. दुकानात दहा माणसं श्वास रोखून उभी. वर पंखा होता, तो सोनारानं स्वतःहून बंद केला; वाऱ्यानं आकडा हलतो हे त्याच्याइतकं कोणाला माहीत? तीन पॉइंट शून्य शून्य आल्यावर त्यानं सवयीनं विचारलं, "घट किती धरायची?"

इथं तात्यांनी तोंड उघडलं. तात्या म्हणजे गावचे जुने लाउडस्पीकरवाले. सत्तरच्या दशकात अॅम्प्लिफायर, बॅटरी, दोन कर्णे आणि एचएमव्हीचा रेकॉर्ड प्लेअर बैलगाडीत घालून त्यांनी अख्खा परिसर वाजवलेला आहे. १९७५ च्या 'शोले'च्या संवादांची रेकॉर्ड आली तेव्हा ती त्यांनी इतक्या लग्नांत लावली की, मांडवात एकीकडं गब्बर माणसं किती होती ते विचारायचा आणि दुसरीकडं मुलीचा बाप पंगतीला माणसं किती आली ते मोजायचा, आणि दोघांच्याही आवाजात सारखीच काळजी असायची.

तात्यांचं म्हणणं, या सगळ्या वजनकाट्याची गरजच नाही. "आम्ही चार आण्याचं नाणं ठेवायचो पिनेच्या डोक्यावर. उडी मारील तर शपथ."

आता हा उपाय अडाणी म्हणून सोडून द्यावा असं पुणेरी भाच्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पण सोनारानं गल्ल्याच्या तळातून एक जुनं पंचवीस पैशांचं नाणं काढून काट्यावर ठेवलं. अडीच ग्रॅम! तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. केंद्र सरकारनं ३० जून २०११ ला पंचवीस पैशांची नाणी चलनातून काढली तेव्हा भिकाऱ्यांनीसुद्धा हळहळ केली नव्हती. त्याचा खरा तोटा लाउडस्पीकरवाल्यांना झाला, हे त्या दिवशी कळलं. अर्थात आधीच दोन-तीन ग्रॅमचा भार असलेल्या पिनेवर आणखी अडीच ग्रॅम म्हणजे रेकॉर्डवर नांगर धरल्यातली गत. तात्यांच्या जमान्यातल्या जाड पिनांना त्याचं काही वाटत नसे. रेकॉर्डींना वाटत असणार, पण त्यांना कोण विचारतो! त्यांच्या प्लेअरच्या पिनेला तर दोन तोंडं होती. एक बाजू ७८ च्या जाड खाचेसाठी, छोटी कळ फिरवली की दुसरी बाजू एलपीसाठी. त्याहून जुन्या चावीच्या ग्रामोफोनला पोलादी पिना लागत आणि दर रेकॉर्डला नवी पिन घालायची असे. तात्यांचे वडील तीच पिन दगडावर घासून पुन्हा वापरत. त्या रेकॉर्डींवरचे गायक आज ऐकले तर सर्वांना पडसं झाल्यासारखं वाटतं, त्यात त्या दगडाचा काही वाटा असावा.

तरी निवडीचा मुख्य प्रश्न राहिलाच होता. टोक कसलं घ्यायचं? गोल की लंबगोल?

घरी ऐकणारे लोक लंबगोल टोक घेतात. ते खाचेच्या बारीक वळणांत शिरतं, झांजेची शेवटची किणकिण उचलून आणतं. गोल टोक तेवढं चौकस नसतं. पण डीजेला रेकॉर्ड सरळ ऐकायचीच नसते. गाण्याचा नेमका ठोका हेडफोनवर पकडायचा, बोटानं रेकॉर्ड मागं ओढायची, पुन्हा सोडायची, पुन्हा ओढायची, असं त्याचं चाललेलं असतं. या उलट्या प्रवासात लंबगोल टोकाच्या कडा खाच खरवडतात. गोल टोक पुढं-मागं सारख्याच निर्विकारपणे जातं. म्हणून मिक्सिंगसाठी गोल, असं भाच्याचं मत. मिक्सिंगपुरतंच करायचं आणि फार ओढाताण करायची नसेल, तर काही जण लंबगोलही लावतात, पण आमच्या भाच्याला संयमाबद्दल कुणी ओळखत नाही.

रेकॉर्ड हातानं मागं ओढतात हे ऐकून तात्या उभेच राहिले. त्यांच्या काळात रेकॉर्डला बोट लावणाऱ्या वऱ्हाडी पोराच्या कानाखाली आधी वाजे आणि मग गाणं वाजे. भाच्यानं त्यांना अमेरिकेतली गोष्ट सांगितली. न्यूयॉर्कमधला ब्राँक्स हा भाग. १९७३ च्या ऑगस्टमध्ये तिथं कूल हर्क नावाच्या तरुणानं बहिणीच्या पार्टीत दोन प्लेअर लावून नाचाच्या ठेक्याचाच तुकडा लांबवायला सुरुवात केली, आणि त्यानंतर दोन-चार वर्षांत थिओडोर नावाचा पोरगा घरात गाणी लावून बसला असताना त्याची आई दारात येऊन आवाजावरून ओरडली. आईचं ऐकायला म्हणून त्यानं फिरती रेकॉर्ड हातानं धरून ठेवली आणि हात पुढं-मागं होत राहिला. तो खरखराट त्याला आवडला. त्यालाच पुढं स्क्रॅचिंग म्हणू लागले आणि त्यातून एक कला उभी राहिली.

"म्हणजे आई ओरडली नसती तर काहीच झालं नसतं," भाच्याची आई म्हणाली. त्या दिवसापासून ती दर अर्ध्या तासानं त्याच्या खोलीच्या दारात जाऊन कर्तव्यभावनेनं ओरडते.

कंपन्यांची गोष्ट निघाली तेव्हा भाच्याचा आवाज एकदम हळवा झाला. अमेरिकेतल्या शुअर कंपनीची एम४४-७ नावाची कार्ट्रिज होती. साठच्या दशकात निघालेली, दिसायला काही नाही, पण खाचेला अशी चिकटून राहायची की स्क्रॅच करणाऱ्यांनी तिला देव्हाऱ्यात बसवली. आवाजही दणकट, घरगुती कार्ट्रिज तीन ते पाच मिलिव्होल्ट देते तिथं ही साडेनऊ द्यायची. २०१८ मध्ये शुअरनं कार्ट्रिजचा धंदाच गुंडाळला. ज्यांच्याकडं दोन-चार पडून होत्या त्यांनी भाव वाढवले, आणि त्याबद्दल भाचा त्यांना जे काही म्हणाला ते माल दाबून ठेवणाऱ्यांबद्दल आमच्या बाजारात रोज म्हटलं जातं. पण कार्ट्रिज मेली तरी पिन मिळते. जपानमध्ये जिको नावाची कंपनी अशा बंद पडलेल्या कार्ट्रिजसाठी नव्या पिना करते. ती १८७३ मध्ये शिलाईच्या सुया करायला निघाली होती, तिथून ग्रामोफोनच्या सुयांकडं आणि तिथून हिऱ्याच्या टोकाकडं आली. आमच्या गावातला शिंपी हे ऐकून बराच वेळ स्वतःच्या सुईकडं पाहत होता.

दुसरा पर्याय डेन्मार्कच्या ऑर्टोफोनचा. ही कंपनी १९१८ ची. तिची काँकॉर्ड नावाची कार्ट्रिज १९७९ मध्ये आली. ती सबंध एकाच तुकड्यात घडवलेली, चोचदार, तिरकी. दांडीच्या टोकाला अडकवली, कडं फिरवलं की काम झालं. साध्या कार्ट्रिजला मात्र दांडीच्या टोकाच्या हेडशेलवर दोन स्क्रूंनी बसवावं लागतं, मागं लाल, हिरवी, पांढरी, निळी अशा चार केसाएवढ्या तारा चिमट्यानं जोडाव्या लागतात, आणि त्यातली एक जोडताना तुटतेच. रात्री लग्नाच्या मांडवात, दिव्याभोवती किडे उडत असताना हा उद्योग करायचा की कडं फिरवून मोकळं व्हायचं, यावर गावाचं एकमत झालं. काँकॉर्डमध्येही मिक्स, डीजे, स्क्रॅच, क्लब असे प्रकार असतात. वाण निवडताना आमच्याकडं बघतात ते तोडणीला कोणता सोसतो, वाहतुकीला कोणता टिकतो आणि कोणत्या गिऱ्हाइकाला कोणता चालतो. पोराचं गिऱ्हाईक कोण, एवढंच त्याला विचारायचं बाकी होतं. मित्राच्या पिनेच्या जागी त्यानं 'मिक्स' निवडली आणि किंमत सांगितली. ती मिरचीच्या एका बऱ्या पट्टीएवढी होती. त्यावर मापाडी म्हणाला, "एकीचे एवढे? मग एकच घे. दुसऱ्याला जुनी-पानी एखादी बघू."

इथं मात्र भाचा ठाम राहिला, आणि त्याचं बरोबर होतं. कार्ट्रिज ही बैलजोडीसारखी घ्यायची असते. एक खिलार आणि एक कुठलाही, अशी जोडी नांगराला जुंपली तर तास वाकडं जातं, आणि दोष मात्र मागं कासरा धरणाऱ्याला येतो. दोन प्लेअरवर दोन वेगळ्या कार्ट्रिज असल्या की एक मोठ्यानं ओरडते, दुसरी पुटपुटते. एकीचा ढोल जाड, दुसरीचा पातळ. मिक्सरच्या पट्ट्या कितीही सरकवा, गाणं बदललेलं गल्लीतल्या बहिऱ्यालाही कळतं, आणि मिक्सिंगची सगळी शान तर ते न कळण्यात आहे. एवढंच नाही, पिना एकाच दिवशी बदलायच्या, कारण काही शे तास चालून एक झिजलेली आणि एक नवी, हीही बेजोड जोडीच. जुनी पिन कुणी स्वस्तात देऊ लागलं तर तिचे 'दात' भिंगाखाली बघूनच घ्यावी. बैल बाजारात दात बघितल्याशिवाय दोरी हातात न घेणाऱ्या माणसांना हे दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. दोन पिनांचे पैसे त्याच संध्याकाळी मंजूर झाले.

पिना आल्या, आणि पहिली तालीम टेम्पोवर झाली. चुलत्यांचा आग्रह, की गाडीशिवाय डीजे कसला? मागं खोक्यांची भिंत, पुढं दोन प्लेअर. भाच्यानं पिन रेकॉर्डवर टेकवली, आवाज वाढवला, आणि गाण्याऐवजी 'घूंऽऽ' असा एक घुमणारा नाद सुरू झाला तो वाढतच गेला. झाडावरचे कावळे उडाले. पिन ही मुळात थरथर ऐकणारी वस्तू. खोक्यांनी टेम्पोचा पत्रा हलवला, पत्र्यानं प्लेअर हलवला, पिनेनं तीच थरथर परत खोक्यांकडं पाठवली, आणि ती गोल फिरत राहिली. यावर क्लबांमध्ये जड लादीवर प्लेअर ठेवतात. आमच्याकडं शहाबादी फरशीला तोटा नाही. मोटरसायकलची अर्धवट फुगवलेली ट्यूब खाली, तिच्यावर फरशी, फरशीवर प्लेअर, आणि खोकी दुसऱ्या गाडीवर, असं ठरल्यावर घुमणं थांबलं. पण गाडी हलवायची नाही, ही अटही त्यात आली. भोकरदनच्या रस्त्याचे खड्डे सोसणारी पिन अजून डेन्मार्कला काढता आलेली नाही. वरातीत गाडी हलवायची नाही म्हणजे नवरदेवानं जागेवरच घोडा फिरवायचा, त्यामुळं वरातीचं काम भाच्यानं सोडलं आणि फक्त मांडवातलं धरलं.

एक सावधगिरी मात्र पुण्याच्या कुणी त्याला सांगितली नव्हती. पिनेच्या टोकावर रेकॉर्डवरची धूळ जमून कापसाचा गोळा होतो, तो मऊ कुंचल्यानं मागून पुढं अलगद झटकायचा असतो. बोटानं कधीच काढू नये. आमच्या गावात तर मुळीच नाही. मिरचीच्या हंगामात इथं कुणाचंही बोट कोणत्याही नाजूक वस्तूला लावण्याच्या लायकीचं नसतं, आणि तेच बोट पुढं डोळ्याला गेलं की पिनेचा विचार मागं पडतो.

मग तुळशीच्या लग्नानंतरचं पहिलं खरं लग्न आलं. मी मुलाकडून वऱ्हाडी. भाच्यानं खरोखर सुंदर वाजवलं. जुन्या हिंदी गाण्याच्या शेवटच्या ओळीखालून पुढच्या गाण्याचा ढोल असा हळूच वर आला की नाचणाऱ्यांचा पाय चुकला नाही. एक संपलं कधी, दुसरं लागलं कधी, पत्ता नाही. तासभर एक क्षणही मांडव गप्प नव्हता. भाच्यानं माझ्याकडं पाहून भुवया उडवल्या.

तेवढ्यात मुलीचे थोरले मामा, धाडहून आलेले, लाल चेहऱ्यानं माईकपाशी उभे असलेले दिसले. त्यांच्याभोवती हातात पाकिटं, टॉवेल-टोपी आणि भांडी घेतलेली बरीच माणसं. सगळ्यांना आहेर पुकारून घ्यायचा होता आणि पुकारायला फट सापडत नव्हती. एक गाणं संपत आलं की पुकारणारा माईक तोंडाशी नेई, तोच दुसरं गाणं आत शिरे. तात्यांच्या काळी एक रेकॉर्ड संपून दुसरी लागेपर्यंत पिन उचल, रेकॉर्ड फिरव, पुसून ठेव, कळ बदल, यात दोन मिनिटं जात. सगळ्या पंचक्रोशीचा मानपान त्या दोन मिनिटांत उरके. कोणत्या मामानं किती दिले, कोणत्या आत्याचं पातळ कसल्या पोताचं, कुणाच्या सायकलीला कुलूप नाही आणि कुणाचं पोरगं विहिरीकडं गेलंय, सगळं त्या फटीतून गावाला कळे. भाच्यानं तीन ग्रॅमची पिन लावून नेमकी तीच फट बुजवली होती.

"अकराशे रुपये काय चोरून द्यायचे का आम्ही?" थोरले मामा गरजले, आणि मांडवात पहिल्यांदा सगळ्यांना काहीतरी स्पष्ट ऐकू आलं.

मग तात्या पुढं झाले. त्यांनी कुणाला न विचारता दोन बोटांनी पिन उचलली. पटाईत हातानं, खरखर न होता. मांडव गप्प झाला. एकामागून एक आहेर पुकारले गेले. मामांचे अकराशे दोनदा पुकारले. भाचा हेडफोन गळ्यात अडकवून खाली मान घालून उभा होता. रात्री दहाच्या ठोक्याला पोलीस आले तेव्हा आहेर अजून चालूच होता, त्यामुळं साहेबांना बंद करायला गाणंच सापडलं नाही. ते जेवून गेले.

भाच्यानं आता स्वतःचं दरपत्रक छापून घेतलंय. त्यात खाली एक ओळ जाड अक्षरात आहे: 'आहेर पुकारण्यासाठी दर तिसऱ्या गाण्यानंतर पिन उचलली जाईल.' त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत.